बोल्टापुरतं भोक

मानेला हा पट्टा कशाचा, विचारता ना? चहा ओता, सांगतो.

पंचवीसेक वर्षं झाली. दौंडला माझा दातांचा दवाखाना नवा होता. रेल्वेचे रूळ तपासत रोज मैलोन्‌मैल चालणारे एक मामा आले. त्यांच्या दाढेचं रूट कॅनल केलं. आतलं नीट दिसावं म्हणून दाढ वरून ऐसपैस कोरली, मग भरून टाकली.

चार महिन्यांनी मामा परत आले. रुमालात दाढेचा तुकडा.

"भाकरी खाताना मोडली. त्या अंगाला चावायला येवढी एकच हुती."

"रूट कॅनल उत्तम झालं होतं, मामा."

"व्हय. पन भोक केवढं पाडलंत?"

"आतलं दिसायला नको?"

मामांचा आवाज चढला नाही. "सायेब, रूळ तडकतो त्यो बोल्टाच्या भोकापासनं. म्हनून भोक बोल्टापुरतंच पाडायचं. दिसत नसंल तर आपन वाकायचं."

दाढ मुळापर्यंत चिरली होती. काढावीच लागली.

तेव्हापासून मी दाढ कमी कोरतो आणि मान जास्त वाकवतो. हाडांचे डॉक्टर म्हणतात, मणके झिजले. झिजू देत. मणके माझे आहेत. दाढ मामांची होती.