आरुषचं एक किलो

खरं सांगते, त्या कॉलेजच्या मॅडमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

माझा आरुष गेल्या महिन्यात आठ किलो भरला होता. ह्या महिन्यात अंगणवाडीत काट्यावर ठेवला, तर सात! शेजारी सासूबाई. "पोराला खाऊ घालतीस का नुसता मोबाईल बघतीस?"

तेवढ्यात ह्या मॅडम आल्या. गावातली डेअरी, पाणीपुरवठा, अंगणवाडी कोण कसं सांभाळतं, ह्यावर त्या पीएच.डी. करतात. सकाळी डेअरी बघून आल्या होत्या. सेविकाताईंना म्हणाल्या, "ताई, हा काटा कोण तपासतं?"

"काटा कशाला? आमी पोरं तपासतो."

"डेअरीत तर रोज पाच किलोचं वजन ठेवून काटा बघतात."

"तिथं दूध कमी भरलं तर बाया भांडत्यात. हितं पोरं थोडीच भांडनार हायेत!"

मी आरुषला सासूबाईंकडे दिलं आणि डेअरीकडे पळाले. ते वजन मागून आणलं, काट्यावर ठेवलं. काटा चारवरच थांबला!

ताईंनी कपाळाला हात लावला. मला रडूच फुटलं. मॅडमचे हात धरून म्हणाले, "तुम्ही विचारलं म्हणून कळलं हो. आता जेवल्याशिवाय जायचं नाही."

"अहो, मी तर फक्त प्रश्न विचारला," मॅडम म्हणाल्या.

सासूबाईंनी आरुषचा मुका घेतला, काट्याकडे बघितलं आणि ताईंना म्हणाल्या, "पोषण आहार आता ह्या काट्यालाच सुरू करा, बाई."