बसतंय म्हणे!

अहो, बसतंय कसलं!... बसतंय, बसतंय म्हणत दोन महिने मला गॅरेजातल्या स्टुलावर बसवलं त्या मिस्त्रीनं! तुम्हाला सांगतो, कुठल्याही मिस्त्रीच्या तोंडून हा शब्द ऐकलात ना, तर चपला हातात घ्या आणि पळा!

झालं काय, आमच्या बाबांची मोटरसायकल. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि घरात मानही तिलाच जास्त. पण पुढचे फोर्क, म्हणजे चाकाला दोन्हीकडून धरून धक्के झेलणाऱ्या त्या दोन नळ्या, त्यांनी कधीच राम म्हटलेला. धक्के झेलायची कोण? बाबांची मनगटं! शेवटी त्यांनी आत्याकडे जाणं सोडलं. थोरली बहीण हो त्यांची, राहते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हटलं टॅक्सीनं जा, तर म्हणे, "मी काय पार्सल आहे?" आणि खिडकीशी बसायचे मनगट चोळत... मला बघवेना!

जुने फोर्क कुठे मिळेनात, म्हणून मिस्त्रीला विचारलं, आताच्या गाडीचे चालतील का हो? त्यानं मान वर न करताच सांगितलं, "त्यात काय साहेब? बसतंय!"

बसतंय! अहो, गाडीच्या मानेतून वर जाणारा मधला दांडाच बोटभर आखूड! मग लेथवाला. त्याला ऐकायला कमी. मी बेंबीच्या देठापासून ओरडतोय, "जुना दांडा काढून नव्यात बसवा!" आणि तो, "बसा की, खुर्ची तुमचीच आहे!" कसाबसा दांडा बसला, तर बेअरिंग डुगडुगायला लागलं. बेअरिंग बदललं, तर जुनं चाक नव्या फोर्कात मावेना! चाक नवं म्हणून ब्रेक नवा, ब्रेक नवा म्हणून त्याची मूठ नवी, आणि सगळं झाल्यावर हँडल वळवलं तर टाकीवर ठण्ण! दर वेळी मिस्त्री एक डोळा बारीक करणार आणि म्हणणार, "बसतंय साहेब!" आमची ही विचारते, "आता जुनं काय उरलंय त्यात?" म्हटलं, "बाबा!"

बरं, एकदाची गाडी उभी राहिली... म्हणजे राहिली कुठे! नवे फोर्क आखूड, गाडीचं तोंड खाली, त्यामुळे बाजूचा स्टँड पडला लांब. मी हात सोडला मात्र, गाडी पलीकडे कलंडली ती थेट मिस्त्रीच्या जेवणाच्या डब्यावर! डब्याची झाली ताटली. या वेळी त्याच्या आधी मी म्हटलं, "बसली हो!"

स्टँड कापला. गाडी घरी आणली. बाबांनी भोवती दोन चकरा मारल्या, हेल्मेट चढवलं आणि गेले. अर्धा तास झाला... तास झाला... फोन उचलेनात! माझ्या डोळ्यांपुढे तो दांडा, तो बहिरा लेथवाला, त्यानं नक्की काय ऐकलं असेल... चपला घालून निघालोच होतो मी! एवढ्यात आत्याचा फोन. "अरे, पोचलाय तुझा बाप. जेवतोय. पण केलंस काय त्या गाडीचं? आल्यापासून तेच ऐकतेय!"

संध्याकाळी आले. विचारलं, "मनगटं?"

"दुखली नाहीत."

माझी छाती अशी फुगली म्हणता!

"पण पूर्वी खड्डा आला की कळायचं, गाडी मी चालवतोय. आता आपलं नुसतं सोफ्यावर बसल्यासारखं. बिघडवलीस तू माझी गाडी!"

तेव्हापासून दिवसाआड जातात हो आत्याकडे. गावाच्या त्या टोकापर्यंत, खड्ड्यांतून, एकदाही कुठे न थांबता... माझी तक्रार करायला!