माती विभाग, रोग विभाग आणि शीळ

मावशी: ते काही नाही, बाई. दोघांना एकदम फोनवर आणा. मातीचे साहेब परवा म्हणाले, टोमॅटोनं मान टाकली म्हणजे तहानलाय, पाणी वाढवा. तुम्ही रोगाच्या बाई म्हणता, पाणी तोडा. मी ऐकायचं कुणाचं?

सल्लागार: थांबा हं मावशी, साहेबांना जोडून देते. (रिसीव्हरवर हात ठेवून) मेले! परवाचे साहेब मीच होते, काका.

ड्रायव्हर: मग आत्ताही व्हा, मॅडम. घसा खाकरा, तोवर मी फोन जोडताना वाजते तशी धून शीळेवर घालतो. लाइन चालू आहे असं वाटतं.

सल्लागार: चार जागा मंजूर, तीन रिकाम्या. आता त्यांची भांडणंही मीच करू?

ड्रायव्हर: मला तरी गाडी चालवायला घेतलं होतं. डिझेलचे पैसे थांबले तेव्हापासून शीळच घालतोय.

सल्लागार: (जाड आवाजात) हॅलो! कृषी सल्ला केंद्र, माती विभाग बोलतोय.

मावशी: साहेब, या बाई तुम्हाला खोटं पाडतायत.

सल्लागार: बाईंचं बरोबर आहे. परवा मी घाईत होतो.

मावशी: ऐकलंत का, बाई?

सल्लागार: (आपल्या आवाजात) ऐकलं. साहेब कायम घाईतच असतात.

मावशी: साहेब, तुमचं काय म्हणणं?

सल्लागार: (पुन्हा जाड आवाजात) माझं म्हणणं असं, की... आक्छी!

मावशी: ही शिंक कुणाची?

सल्लागार: साहेबांची.

मावशी: बाईंच्या आवाजात? आणि मागं खिदळतोय तो शीळवाला ना? खरं सांगा, माणसं किती आहात?

सल्लागार: मी. आणि ड्रायव्हरकाका.

मावशी: अगं बाई! मग माझ्या गाईचे डॉक्टर?

सल्लागार: तेही मीच.

मावशी: किती गोड बोलायचे हो!

सल्लागार: मावशी, हसवू नका, ऐका. परवा तीन फोन एकदम वाजत होते, झाड न बघता बोलून गेले. खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरलंत का? पांढरा धागा सुटला तर रोगच. तो पाण्यातून पुढच्या ओळीत जातो. ती झाडं आजच उपटायची, नाहीतर सगळं रान जाईल.

मावशी: ग्लास समोरच आहे. पण धागा आहे का माझ्या चष्म्यावरचा ओरखडा, तेच कळेना. निम्मं रान उपटलं, आणि धागा नसलाच तर?

सल्लागार: मला बघायलाच हवं. पण गाडी...

मावशी: गाडी राहू दे. मी स्कूटर घेऊन निघालेच. फाटकाशी उभ्या राहा. मागं एकच जागा आहे, पण तुमचं अख्खं ऑफिस मावेल!

सल्लागार: काका, ठेवला हो त्यांनी फोन! निघाल्या पण! आणि इथे कुणाचा आला तर?

ड्रायव्हर: जा तुम्ही, मॅडम. तुम्ही येईपर्यंत मी शीळ घालतो.