आप्पांच्या खोकल्याचं झाड

हसू नका यार, सांगताना अजून लाज वाटते. जोगेश्वरीच्या चाळीत, गॅलरीत डालड्याच्या डब्यात मी गांजा लावला होता. वडिलांना, आप्पांना, थाप मारली, "तुमच्या खोकल्यावरचं औषध आहे."

पावसात फुलांना बुरशी लागली, आतून सडली. मी म्हटलं, "वाट लागली, फेकून देतो."

आप्पा भडकले. "माझ्यासाठी लावलंस आणि फेकतोस काय रे?"

मग रोज सकाळी दाढीच्या ब्लेडने सडकी फुलं कापत बसायचे, खोकत खोकत. शेवटी दोनच वाचली. "घे, उकळून दे."

मी ती खिशात टाकली आणि तुळस उकळून दिली. "बरं वाटलं रे," म्हणाले.

फुलांचं काय केलं म्हणतोस? चाळीमागे जाऊन ओढली. तिथपर्यंत त्यांचा खोकला ऐकू येत होता.