रुमालातली घंटी

मुलुंडच्या प्राण्यांच्या दवाखान्यात माझ्या मांजरीचा नंबर यायचा होता. शेजारी एक सासरे आणि सून बसले होते. त्यांच्या कुत्र्याला आत नेलं होतं.

"नाना, भूल दिलीय बंड्याला. झोपेतच मेंदूच्या शिरांचे फोटो काढणार. दुखणार नाही."

"शिरांचे कित्याक गो? फिटी येतत तेका."

"डोक्यातलं रक्त त्या शिरांतूनच खाली येतं ना. कुठे अडलंय का, ते बघायचंय."

"सकाळपासून उपाशी आसा तो."

"तुम्हीपण. आणि आज पूजेची घंटी ऐकू नाही आली मला."

"वाजवलंयच नाय. घंटी वाजली काय बंड्या प्रसादाक येवन बसता. रिकामी ताटली कशी दाखवू तेका?"

"म्हणजे देवाला नैवेद्य नाही?"

"देव थांबात. तेका समाजता."

आतलं दार उघडलं. "बंड्याचे कोण? फोटो झाले, पण तो डोळे उघडत नाहीये. घरचं कुणी आत येऊन हाक माराल का?"

"चला नाना. अहो, पिशवीत काय शोधताय?"

"ह्यो रुमाल सोड गो आधी. माका गाठ सुटणा नाय."

"नाना, ही देवघरातली घंटी?"

"चल. देवाक सांगूनच घेतलंय."