नदीत गेलेली भांडी

आमचं मूळ गाव उदगीरकडलं, पण मी तिथं कधी राहिले नाही, माझा जन्म इथलाच, हैदराबादेतल्या नारायणगुड्याचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, निजामाच्या राज्यातच पोट भरायला इकडं आले आणि किरायानं सायकली द्यायचं दुकान टाकलं, तासावर सायकल मिळायची बगा, तसलं. पुढं सायकली आणि मागं एक खोली, त्या खोलीत आम्ही. घरात मराठी, दुकानात उर्दू, शेजारच्या अम्माशी तेलुगू, त्यामुळं माझी मराठी ही अशी, तुम्ही पुण्याकडली माणसं हसाल, हसा, मला काही वाटत नाही. आई लवकर गेली. धाकटा भाऊ सुरेश तेव्हा रांगत होता, त्याला मीच वाढवला, मीच लेकरू आणि मीच आई.

मॅट्रिक झाले तेव्हा कुणीतरी अण्णांना बोललं की मिलिटरीत मुलींना नर्सिंग शिकवतात, राहायला-जेवायला तिथंच आणि पुढं नोकरी पक्की. अण्णा लई परेशान झाले, पोरीला फौजेत कशी पाठवू, लोक काय बोलतील, असं रोज बोलायचे आणि रोज माझ्या अर्जाचं काय झालं तेही विचारायचे. शेवटी गेले मी. चांगली नोकरी होती हो, इज्जतीची. जवान लोक आम्हाला सिस्टर म्हणायचे, वयानं मोठा असला तरी उठून उभा राहायचा. पण आमच्या वेळी लग्न केलं की नोकरी सोडावी लागायची, आणि माझ्या पगारावर घर चाललेलं. स्थळं यायची, नाही असं नाही, एक तर चांगलं होतं, औरंगाबादचा मास्तर होता. अण्णा म्हणायचे, सुरेशचं शिक्षण होऊ दे. ते झालं, मग सुरेशची नोकरी होऊ दे, मग सुरेशचं लग्न होऊ दे. अण्णा वाईट नव्हते, तसं समजू नका. त्यांना वाटायचं, आहे की अजून वेळ.

मला पण तसंच वाटायचं. म्हणून मला एक नाद लागला, जिथं बदली होईल तिथं एखादं भांडं घ्यायचं. झाशीला पितळेची परात घेतली, जोधपूरला एकात एक बसणारी पातेली, अंबाल्याला कुकर. ताटं घेतली, वाट्या घेतल्या, पोळपाट-लाटणं घेतलं. मेसमध्ये राहायचं, मेसमध्ये जेवायचं, आणि पलंगाखाली लाकडाच्या मोठ्या पेटीत हा सगळा संसार. दिवाळीला पेटी उघडायची, सगळं चिंचेनं घासायचं, पुसायचं, परत कागदात गुंडाळून ठेवायचं. कुणाला दाखवलं नाही कधी. काय सांगू तुम्हाला, त्यातल्या एकाही भांड्यात मी कधी साधा वरणभात केला नव्हता.

मग माझी आसामहून सिकंदराबादला बदली झाली. मी मागून घेतली होती, आता वय झालं, घराजवळ जाऊ म्हणून. त्याच वेळी एक पलटण पण इकडंच यायची होती, त्यांचे ट्रक स्टेशनकडं निघालेले, मला बोलले, सिस्टर, जड सामान आमच्या ट्रकमध्ये टाका, तुम्ही पुढं व्हा. पेटी, बिस्तरा, वर्दीची ट्रंक, रेडिओ, सगळं ट्रकमध्ये दिलं आणि मी एक बॅग घेऊन रेल्वेत बसले. इकडं येऊन हजर झाले, वॉर्डात कामाला लागले, आणि मग कळलं, तिकडं पावसानं रस्ता खचला आणि तो ट्रक सरळ नदीत गेला. ड्रायव्हर वाचला. मी पहिल्यांदा तेच विचारलं, ड्रायव्हर कसा आहे, ते खरं. पण मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

असं ड्यूटीवर असताना फौजेतल्या माणसाचं घरचं सामान गेलं तर सरकार भरपाई देतं, तसा नियम आहे. पण उगं देत नाहीत, आधी चौकशी बसते. तीन साहेब बसतात, काय गेलं, कसं गेलं, खरंच होतं का, सगळं विचारतात. माझ्या चौकशीला जे मेजरसाहेब होते ते एकदा आमच्याच वॉर्डात पोटदुखीनं पडलेले, मला ओळखत होते, त्यामुळं उलट जास्तच संकोच झाला मला.

आधी ड्रायव्हरला बोलावलं. गढवालकडला, चांगला मिशा पिकलेला गडी, हात गळ्यात बांधलेला. तो बोलला, साहेब, सिस्टरजींची पेटी मी डोळ्यांनी फुटताना बघितली. मी दगडाला धरून होतो आणि माझ्यासमोरून पातेली चालली होती, सरळ उभी, होडीसारखी, एकाच्या मागं एक. एक परात दगडावर आपटली तर देवळातल्या घंटेसारखा आवाज झाला. मग माझ्याकडं वळून बोलला, माफ करा बहनजी, एकच हात चालत होता, एखादं तरी धरलं असतं. आता बघा, जीव जाता जाता वाचलेला माणूस माझ्या पातेल्यांची माफी मागतो. मी त्याला नुसते हात जोडले.

मग मेजरसाहेबांनी मला विचारलं, मॅडम, भांडी होती हे तर कळलं, पण तुम्ही एकट्या, मेसमध्ये राहता, मेसमध्ये जेवता, मग एवढी भांडी कशाला? खवचटपणे नाही विचारलं, त्यांना विचारावंच लागतं, कारण नियम असा की ज्याच्या-त्याच्या गरजेपुरत्या सामानाचीच भरपाई. कशाला? बगा, सोपा सवाल आहे. मी लोकांच्या आयांना त्यांचा मुलगा गेला हे सांगितलेलं आहे, तेव्हा जीभ अडली नाही, आणि इथं तोंड उघडेना. शेवटी बोलले, साहेब, मला घर करायचं होतं.

एक लहान वयाचा कॅप्टन होता, तो खिडकीकडं बघायला लागला. मग मेजरसाहेबांनी चष्मा काढला आणि हळूच बोलले, तुमचे वडील आहेत ना, ते तुमच्याजवळ राहायचे असं सांगा, म्हणजे कुटुंबाचं सामान म्हणून बसवता येईल. माझ्या भल्याचंच बोलले. पण मी नाही म्हटलं. वडील भावाजवळ राहतात साहेब, ती भांडी माझी होती. का बोलले असं? सगळा जन्म अण्णांसाठी, सुरेशसाठी असंच सगळीकडं सांगत आले, एकदा तरी माझं हे माझं म्हणून राहू दे, गेलं तर गेलं.

तसंच झालं. वर्दीची भरपाई आली, बिस्तऱ्याची आली, रेडिओची आली, भांडी नामंजूर. सरकारचं चुकलं असं मी म्हणत नाही, सरकारला काय मालूम.

त्या सुमाराला मी अण्णांना भेटायला गेले आणि सगळं सांगितलं. अण्णा बोलले, भांडी? तुला कशाला लागत होती गं भांडी? आणि बोलता बोलताच थांबले. म्हातारा माणूस, हातातला घास तसाच राहिला. मग सुनेला बोलले, ताट घेऊन जा, भूक नाही. मी निघाले तर दाराशी आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणीसुद्धा कधी ठेवला नव्हता.

भरपाई हातात आल्यावर मी एक दिवस आबिड्सच्या बाजारात गेले. तेव्हा दुकानांत नवा नवा माल यायला लागला होता, रंगीत टीव्ही, मिक्सर, परदेशी कपबश्या, लोक नुसते बघायलाच गर्दी करायचे. मी भांड्यांच्या दुकानात शिरले. दुकानदार विचारतो, घर में कित्ते लोगाँ हैं अम्मा? परत तोच सवाल बगा! आणि फौजेच्या तीन साहेबांसमोर खरं बोलणारी मी त्याला बोलले, चार. तो बोलला, हौ, चारचा सेट देतो, आणि कोण कोण आहे, बच्चे कित्ते बडे, असलं काही न विचारता कागदात बांधून दिला.

मग मी मेस सोडली, बाहेर दोन खोल्या घेतल्या आणि अण्णांना घेऊन आले. सुरेशनं तोवर कंप्युटरचं शिकून घेतलं होतं, कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं होतं, तोही बोलला, अक्का, बरं झालं. रोज ड्यूटीवरून आले की स्वयंपाक करायची. माझी पोळी वातड व्हायची, अण्णा बिनदाताचे, वरणात कुस्करून खायचे आणि म्हणायचे, तुझ्या आईसारखी झालीय. खोटं, आईची पोळी मऊ असायची, मला आठवतंय. पण ती माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं, फार नव्हती, पण चांगली होती. अण्णा झोपेतच गेले.

आता मी पण रिटायर झाले. सुरेश रविवारी फोन करतो, तिकडं रात्र असते, तो जांभया देत बोलतो, मीच म्हणते, झोप बाबा. कॉलनीत कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं की मला हाक मारतात, तेवढं बरं वाटतं. वरच्या मजल्यावर पुण्याची एक पोरगी राहते, कंप्युटरवालीच, ती परवा मला विचारत होती, आजी, एकटीला कंटाळा येत नाही का? येतो की, मी बोलले. येतो, बसतो, संध्याकाळी जरा जास्त वेळ बसतो.

खैर. तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, देव तुमचं घर भरलेलं ठेवो. परत या. फक्त येण्याआधी फोन करू नका, फोन केला की मी सकाळपासून वाट बघत बसते. नुसतं या.