पप्पांची प्लेट

कॅनडातल्या मिसिसॉगाच्या लायसन्स ऑफिसात पुढे उभ्या मायलेकांचं मराठी कानावर पडलं, तसा पुष्करने फोन खिशात टाकला.

“डीन, पप्पांची लिव्हरपूल टीमच्या नावाची नंबरप्लेट तू तुझ्या गाडीला लाव.”

“नो वे, मम्मी! मी मँचेस्टरवाला. सगळे माझ्या तोंडात शेण घालतील.”

“मग परत करायची? हे लोक मोडीत टाकतील रे ती.”

“टाकू देत.”

“हळू बोल. महिना नाही झाला त्यांना जाऊन.”

“आय नो! दर मॅचला भांडायचो आम्ही. आता ती प्लेट लावून भांडू कुणाशी?”

काउंटरवरून त्यांचा नंबर पुकारला. दोघंही हलले नाहीत.

“माझ्याशी भांड,” ती म्हणाली. “फक्त ते ऑफसाइड म्हणजे काय, ते आधी समजावून सांग.”